आपल्याच माणसांना कात्रजचा घाट!

मराठी भाषेत ‘कात्रजचा घाट दाखवणे’ असा एक वाक्प्रचार आहे. एप्रिल १६६३ मध्ये शिवछत्रपतींनी लाल महालात शिरून शाएस्तेखानाची बोटे छाटली. पाठलागावर निघालेल्या मोगली फौजेला चकवण्यासाठी कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना पलिते बांधून त्यांना भलत्याच दिशेला पिटाळण्यात आले, अशी कथा महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. शत्रूला दिलेल्या त्या हुलकावणीचा आपल्याला आजही अभिमान वाटतो. परंतु त्याच कात्रजच्या पायथ्याशी आज आपण आपल्याच माणसांना रोज घाट दाखवीत आहोत. त्यासाठी ना बैल लागत, ना पलिते. उपाहारगृहाच्या दारातील तीन पायऱ्या पुरेशा होतात.

आमच्या भागात ‘अण्णा’ या नावाने सर्वपरिचित असलेले एक ज्येष्ठ कार्यकर्ते आहेत. पंचवीस वर्षे शिबिरांची भोजनव्यवस्था त्यांच्याकडे असे. हजाराची पंगत उठून दुसरी बसेपर्यंत जमीन पुसून, पाने मांडून, मीठ वाढून तयार! वरण कमी पडले असे त्यांच्या व्यवस्थेत कधी घडले नाही. काही वर्षांपूर्वी मधुमेहाने त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली नेला. तेव्हापासून ते चाकाच्या खुर्चीत आहेत. एका रविवारी मुलगा, सून आणि नातवंडे यांच्यासह ते कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात गेले. मुलांनी साप पाहिले, वाघ पाहिले. आजोबांनी मुलांचा आनंद पाहिला. बाहेर पडल्यावर साऱ्यांनाच भूक लागली होती. सातारा रस्त्यावरील एका गजबजलेल्या उपाहारगृहासमोर गाडी थांबली.

दाराशी तीन पायऱ्या. बाजूला दुचाकी वर चढवण्यासाठी केलेली सिमेंटची एक उतरंड, तिचा चढ पाहून अण्णा म्हणाले, “कात्रजचा घाट यापेक्षा सोपा आहे.” आतून चार पोरे धावत आली, “काकांना उचलून नेतो” म्हणू लागली. अण्णांनी हात जोडून नकार दिला. मग वाढप्याने त्यांच्या मुलाला विचारले, “काकांना काय द्यायचं? चहात साखर चालते का?” अण्णा शांतपणे म्हणाले, “काकांचा पाय गेलाय, कान शाबूत आहेत. मलाच विचारा.” शेवटी कुटुंब आत बसले आणि अण्णांनी गाडीतच, मांडीवर ताटली ठेवून, निवलेला डोसा खाल्ला. पाणी मात्र घेतले नाही. स्वच्छतागृह पोटमाळ्यावर होते, हे त्यांनी आधीच विचारून ठेवले होते.

ज्याने आयुष्यभर हजारोंना आग्रहाने वाढले, त्याला कपभर चहासाठी दाराबाहेर बसावे लागले. त्या उपाहारगृहाच्या मालकाच्या मनात दुष्टावा नव्हता, आणि त्या चार पोरांच्या मनात तर नव्हताच. दुष्टावा नसताना हे घडते, म्हणूनच या विषयावर कठोरपणे लिहिणे भाग आहे.

शब्द बदलला, पायरी तशीच

२०१५ च्या डिसेंबरमध्ये दोन गोष्टी घडल्या. ३ डिसेंबरला, जागतिक अपंग दिनी, केंद्र सरकारने ‘सुगम्य भारत अभियान’ सुरू केले; आणि २७ डिसेंबरला ‘मन की बात’मधून पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी ‘विकलांग’ऐवजी ‘दिव्यांग’ हा शब्द सुचवला. शब्दामागची भावना उदात्त होती. आपण तो शब्द उचलला आणि पत्रिकांवर, फलकांवर, सत्कारांच्या शालींवर मिरवला. परंतु शब्द हे वचन असते. ज्याच्या अंगी दिव्यत्व आहे असे आपण म्हणतो, त्याला वडापावाच्या दुकानाबाहेर उभे ठेवणे हा त्या शब्दाचा उपमर्द आहे. ‘अपंग’ म्हणणाऱ्याने निदान खोटे आश्वासन तरी दिलेले नसते.

सन्मान करण्यात आपण कधीच कमी पडत नाही. विदर्भातील अंध संत गुलाबराव महाराजांना आपण ‘प्रज्ञाचक्षू’ म्हटले. १९६५ च्या युद्धात गोळ्या झेलून जायबंदी झालेल्या आणि १९७२ साली हायडेलबर्ग येथे जलतरणात भारताला पहिले पॅरालिम्पिक सुवर्ण मिळवून देणाऱ्या मुरलीकांत पेटकरांना २०१८ साली पद्मश्री दिली. हे योग्यच झाले, यात शंका नाही. पण सन्मानाचा सोहळा वर्षातून एकदा होतो आणि भूक दिवसातून तीनदा लागते.

पुण्याने तर या बाबतीत अधिकच लाज बाळगायला हवी. युद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांना नवे कौशल्य शिकवणारी, १९१७ साली स्थापन झालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट खडकीला आहे. कण्याच्या दुखापतीने कमरेखालचे शरीर निकामी झालेल्या जवानांसाठीचे पुनर्वसन केंद्रही १९७४ पासून तेथेच आहे. सीमेवर पाय गमावलेला जवान या शहरात राहतो. त्याच्यासाठी आपण उभे राहून टाळ्या वाजवतो, गणेशोत्सवात त्याच्या हस्ते आरती करतो आणि आरतीनंतरचा प्रसाद मात्र सहा पायऱ्या वर असलेल्या मांडवात वाटतो. ही राष्ट्रभक्ती अर्धवट आहे.

२०११ च्या जनगणनेत देशात सुमारे २ कोटी ६८ लाख आणि एकट्या महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक दिव्यांगांची नोंद झाली. गुडघे धरलेल्या आजी, पक्षाघातातून उठलेले काका, कंपवातामुळे हातातला कप हिंदकळणारे निवृत्त शिक्षक हे सारे त्या आकड्याच्या बाहेरच. मग प्रश्न उरतो तो इतकाच, की या सर्वांना चारचौघांत बसून चहा पिण्याचा अधिकार आहे की नाही?

कात्रजचे पाणी सांगते ते

कात्रजच्या तलावाला या विषयावर काही बोलण्याचा अधिकार आहे. इ.स. १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी या तलावाचे पाणी भुयारी नळाने पुण्यात आणले. ना पंप, ना वीज. केवळ उताराचा अचूक हिशेब, हवा खेळती राहावी म्हणून बांधलेले उच्छ्वास आणि शहराच्या पेठापेठांतून भरणारे हौद. त्यामागचा विचार आजही थक्क करणारा आहे. तहानलेल्याने कात्रजला जायचे नाही, कात्रजनेच तहानलेल्याच्या दारी यायचे. सार्वजनिक सेवेची याहून नेमकी व्याख्या आजच्या नगररचनाकारांनाही करता येणार नाही.

परंतु इतिहास अर्धाच सांगू नये. त्या काळच्या हौदांवर सर्वांना सारखे पाणी भरता येत नव्हते. पाणी दारात होते आणि समाजातील एका मोठ्या वर्गासाठी दार बंद होते. १८६८ साली महात्मा फुले यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, तेव्हा ही विसंगती पुण्याच्या तोंडावर फेकली गेली. रत्नागिरीत स्वातंत्र्यवीर सावरकरांनी १९३१ साली पतितपावन मंदिराचे दार सर्व हिंदूंना उघडले आणि १९३३ साली अखिल हिंदू उपाहारगृह सुरू केले. मंदिर झाल्यावर सावरकरांना उपाहारगृहाची गरज का वाटली? कारण देवासमोर एकत्र उभे राहण्यापेक्षा एका बाकावर बसून एकत्र चहा पिणे अधिक अवघड असते, हे त्या द्रष्ट्या पुरुषाने ओळखले होते. माणूस समाजाचा आहे की नाही, हे त्याला कोठे बसून खाता येते यावरून ठरते.

जन्माने लादलेली अस्पृश्यता आणि दारातील पायरी या दोन गोष्टी एक नाहीत. पहिलीत तिरस्कार होता, दुसरीत विसर आहे. तरीही बाहेर बसणाऱ्याच्या हाती येणारे फळ कोणते? ताटली बाहेर आणून देणे, गाडीत बसवून खायला घालणे, “तुम्ही कशाला त्रास घेता, घरी पाठवून देतो” असे म्हणणे. या कृती आपल्या इतिहासाच्या फार ओळखीच्या आहेत. समरसतेचा ध्यास घेतलेल्या कार्यकर्त्याला त्या ओळखू येत नसतील, तर त्याने समरसता हा विषय पुन्हा पहिल्यापासून अभ्यासावा.

पंगतीचे शास्त्र आणि बुफेचे अशास्त्र

“ही सगळी पाश्चात्त्यांची खुळे,” असे आपल्यापैकी काही जण म्हणतात. त्यांनी महाभारताचे वनपर्व उघडावे. आठ ठिकाणी वाकडे शरीर घेऊन जन्मलेला अष्टावक्र जनकाच्या यज्ञमंडपाकडे निघाला असता वाटेत त्याला अडवले जाते. तेव्हा तो राजालाच सुनावतो, की वाटेवर पहिला मान आंधळ्याचा आणि बहिऱ्याचा, स्त्रीचा आणि ओझे वाहणाऱ्याचा. राजाचा क्रम त्यानंतर. आणि जनक बाजूला होऊन वाट देतो. अंधाला, बधिराला वाट देणे हा उपकार न मानता नियम मानणारी ही आपली परंपरा आहे. ती विसरून आपण तिच्या नावाचा जयजयकार तेवढा करतो.

आपली पंगतच पाहा. पंगतीत खाणारा बसून राहतो आणि अन्न त्याच्याकडे चालत येते. पान वाढण्याचा क्रम ठरलेला. वर मध्यभागी मीठ, डाव्या हाताला लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजव्या हाताला भाजी, आमटी, समोर वरणभात. डोळ्यांनी न दिसणारा माणूसही अशा पानावर न विचारता जेवू शकतो, कारण कोणता पदार्थ कोठे आहे हे त्याला आईने लहानपणीच शिकवलेले असते. आज अंधांना ताटाची ओळख करून देण्यासाठी ‘बारा वाजता भात, तीन वाजता भाजी’ अशी घड्याळाची रीत शिकवली जाते. ती उत्तमच आहे. पण तिच्यामागचे तत्त्व आपल्या आज्यांना अवगत होते.

पंगतीतही दोष होताच. मांडी घालता न येणाऱ्याची तिथे पंचाईत होई. पण शहाणा यजमान अशांसाठी भिंतीशी चौरंग आणि पाट मांडत असे आणि त्याच पंगतीत, त्याच वेळी त्यांना वाढत असे. अण्णांच्या शिबिरांतही एका टोकाला चार खुर्च्या असत. त्या पंगतीच्या ओळीतच हव्यात, कोपऱ्यात नकोत, असा त्यांचा दंडक होता.

आणि आता? कात्रज-कोंढवा रस्त्यावर किंवा बाह्यवळण मार्गालगत लग्नाच्या हंगामात एखाद्या हिरवळीवर जाऊन पाहावे. एका हातात जड ताट, दुसऱ्या हातात चमचा, रांगेत रेटारेटी. ज्याचे दोन्ही हात कुबड्यांत आहेत त्याने ताट कोणत्या हातात धरावे? ज्याचे हात खुर्चीच्या चाकांवर आहेत त्याने काय करावे? भांडी मांडलेली टेबले छातीइतकी उंच. खुर्चीत बसलेल्याला भांड्याचा तळ दिसतो, पदार्थ दिसत नाही. हिरवळीत चाके रुततात. शेवटी तो माणूस कोपऱ्यात बसतो आणि कोणी तरी दयाळू नातेवाईक स्वतःच्या मर्जीने काही तरी वाढून आणून देतो. लाखो रुपये खर्चून केलेल्या त्या मेजवानीत त्याला आवडीची एक जिलबीही स्वतः निवडता येत नाही. पंगत मोडून बुफे आणला यालाच आपण प्रगती म्हणतो!

पळवाटांचा घाट

उपाहारगृहांचे मालक, मंगल कार्यालयांचे चालक आणि मंडळांचे पदाधिकारी यांच्याशी या विषयावर बोलले, की चार उत्तरे ठरलेली असतात.

पहिले उत्तर : “अशी गिऱ्हाइके येतातच किती?” येतील कशी? विहिरीला कठडा आणि दाराला कुलूप लावून तहानलेले येत नाहीत म्हणणाऱ्यासारखेच हे. शिवाय एक दिव्यांग व्यक्ती परत जाते, तेव्हा तिच्यासोबतचे पाच जणांचे कुटुंबही परत जाते. व्यापाराच्या हिशेबानेही हा तोट्याचा सौदा आहे.

दुसरे उत्तर : “आमची पोरे उचलून नेतात.” पोरांची भावना चांगली आहे. पण प्रौढ माणसाला भर रस्त्यात पोत्यासारखे उचलण्यात त्याची अब्रू जाते, आणि हात निसटला तर हाडही मोडते. विजेवर चालणारी खुर्ची तर माणसासह उचलताच येत नाही. चहा पिण्यासाठी आपल्यापैकी किती जण स्वतःला चौघांच्या खांद्यावर टाकून घेतील?

तिसरे उत्तर : “जागा नाही, खर्च परवडत नाही.” हिशेब मांडू. उताराचे प्रमाण एकास बारा असावे, हा सर्वमान्य नियम आहे. म्हणजे सहा इंचांची एक पायरी असेल तर सहा फूट लांब उतार. तीन पायऱ्या असतील तर अठरा फूट. तीन पायऱ्यांसाठी जागा काढणे कठीण असते, हे मान्य. पण तेथे उतार वळवून घेता येतो, बाजूचे किंवा मागचे सपाट दार उघडता येते, आणि नव्या बांधकामात तर जोते खालीच ठेवता येते. पुण्यातील असंख्य दुकानांना एकच पायरी आहे. तेथे खरबरीत पृष्ठभागाची, कडेला पट्टी असलेली एक भक्कम फळी पुरते. दुचाकी चढवण्यासाठी उतरंड करताना जागाही सापडते आणि सिमेंटही. माणसासाठी मात्र ते सापडत नाही!

आतल्या गोष्टींना तर जवळपास खर्चच नाही. चार टेबलांपैकी एका टेबलाचे बाक जमिनीला बोल्टने आवळू नये, म्हणजे खुर्ची आत सरकते. गुडघे आत जातील इतकी, सुमारे सत्तावीस इंच, मोकळी उंची टेबलाखाली असावी. दोन टेबलांमध्ये तीन फुटांची वाट ठेवावी. पाण्याचा नळ आणि पेले बसलेल्या माणसाच्या हाताला लागतील इतके खाली असावेत. टोकनचा क्रमांक केवळ ओरडून न सांगता फलकावरही दाखवावा, म्हणजे ज्याला ऐकू येत नाही त्याचा डोसा ओट्यावर थंड होत नाही. पदार्थांची यादी अंध ग्राहकाला दरांसकट वाचून दाखवावी. करोनानंतर अनेक ठिकाणी छापील यादी जाऊन भ्रमणध्वनीवरील चौकटीची यादी आली. ती छायाचित्राऐवजी अक्षरांत असेल, तर अंध व्यक्तीचा भ्रमणध्वनी ती स्वतः वाचून दाखवतो. हात थरथरणाऱ्यासाठी कानाचा मोठा कप आणि स्टीलची एक नळी ठेवावी. १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकच्या नळ्यांवर देशभर बंदी आली, ती योग्यच. पण कागदी नळी गरम चहात विरघळते आणि नळीवाचून ज्यांना पिताच येत नाही अशी माणसे आहेत, हे ध्यानात ठेवावे.

राहिले स्वच्छतागृह. हा विषय सभ्य लेखात कसा आणावा, असा संकोच वाटतो. पण या संकोचाची किंमत दुसरेच कोणी मोजत असते. दोन फुटांच्या दारातून खुर्ची जात नाही, म्हणून कित्येक जण घराबाहेर पडण्याच्या दिवशी सकाळपासून पाणी पीत नाहीत. उन्हाळ्यात, कात्रजच्या चढावर, तहान मारून! ज्या संस्कृतीत पाणपोई घालणे हे पुण्यकर्म मानले, त्या संस्कृतीत ही वेळ यावी? दार बाहेरच्या बाजूस उघडणारे व तीन फूट रुंद असावे, आत खुर्ची वळेल इतकी जागा आणि धरायला एक मजबूत दांडी असावी, एवढीच मागणी आहे.

चौथे उत्तर सर्वांत धूर्त : “कायद्यात असेल तर करू.”

कायद्याची घटका भरली

ते कायद्यात आहेच. १९९५ चा कायदा मागे पडून दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात एकवीस प्रकारचे दिव्यांगत्व मान्य केले आहे. कलम ४४ सांगते, की सुगमतेचे नियम न पाळणाऱ्या बांधकाम आराखड्याला परवानगी देऊ नये आणि बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखलाही देऊ नये. कलम ४५ ने जुन्या सार्वजनिक इमारतींना नियम प्रसिद्ध झाल्यापासून पाच वर्षांची, तर कलम ४६ ने सरकारी व खासगी अशा सर्व सेवा देणाऱ्यांना दोन वर्षांची मुदत दिली. नियम प्रसिद्ध झाले १५ जून २०१७ रोजी. म्हणजे सेवांची मुदत २०१९ साली आणि इमारतींची २०२२ साली संपली. कलम ८९ नुसार पहिल्या उल्लंघनाला दहा हजार रुपयांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक उल्लंघनाला पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत दंड आहे. हा दंड झालेले एक तरी उपाहारगृह कात्रजच्या वाचकाने पाहिले आहे काय?

८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतूडी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या ढिलाईच्या मुळावरच बोट ठेवले. सुगमतेची मानके नियमांत केवळ मार्गदर्शक सूचनांसारखी ठेवली गेली. ती बंधनकारक असायला हवीत, असे सांगून न्यायालयाने तो नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि केंद्राला तीन महिन्यांत बंधनकारक नियम करण्यास फर्मावले. आपल्या विचारांचे सरकार केंद्रात आहे म्हणून या विषयावर गप्प बसणे ही सरकारची सेवा ठरणार नाही. ज्या अभियानाचे आपण स्वागत केले, त्याची गती विचारण्याचा पहिला अधिकार आणि पहिले कर्तव्यही आपलेच.

समतेवर अखंड प्रवचने देणाऱ्या पुरोगाम्यांनीही फार हर्षभरित होऊ नये. त्यांचे परिसंवाद बहुधा उद्वाहन नसलेल्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होतात आणि मध्यंतरातील चहा अरुंद जिन्याच्या वळणावर मिळतो. जातवार मेळावे भरवणाऱ्या पक्षांना तर दिव्यांग दिसतच नाहीत. कारण ते प्रत्येक जातीत, प्रत्येक वस्तीत विखुरलेले आहेत आणि त्यांची मतपेढी होत नाही. ज्याची मतपेढी होत नाही त्याची काळजी वाहणे, हेच तर समाज संघटित करू पाहणाऱ्यांचे काम असते.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने स्वारगेट ते कात्रज या सुमारे साडेपाच किलोमीटरच्या भुयारी मेट्रोला मंजुरी दिली. उद्या ती धावू लागेल, तेव्हा चाकाच्या खुर्चीतील मनुष्य भूगर्भातून उद्वाहनाने वर कात्रज चौकात येईल. आणि समोरच्या अमृततुल्यच्या पायरीशी थांबेल. हजारो कोटींचा मार्ग सहा इंचांसाठी अडेल.

आधी आपला उंबरा

दुसऱ्याकडे बोट दाखवताना तीन बोटे स्वतःकडे वळतात. म्हणून शेवटी आमचीच एक गोष्ट सांगतो.

गतवर्षीची कोजागरी आम्ही एका सोसायटीच्या गच्चीवर केली. उद्वाहन तिसऱ्या मजल्यापर्यंत, पुढे जिना. दूध आटवायला अण्णांनीच प्रमाण सांगितले होते. किती लिटरला किती साखर, केशर केव्हा घालायचे, जायफळ किती. गीते झाली, दूध झाले, आवराआवर सुरू झाली आणि मग कोणाच्या तरी लक्षात आले, की अण्णा आलेच नाहीत. व्यवस्था पाहणारा मीच होतो. मी सहज म्हणालो, “पोहोचवू त्यांच्या घरी एक पेला.”

रात्री साडेअकरा वाजता मी तो पेला घेऊन गेलो. अण्णा जागे होते. त्यांनी दूध घेतले, चव पाहिली, “साखर बरोबर आहे” म्हणाले. मग थोड्या वेळाने, कोणताही रोष न दाखवता त्यांनी विचारले, “खाली वाहनतळात चंद्र दिसत नव्हता का रे?”

माझ्याजवळ उत्तर नव्हते. उपाहारगृहाच्या मालकाने अण्णांना एकदा बाहेर ठेवले. आम्ही, त्यांच्या हातचे जेवून मोठे झालेल्यांनी, त्यांना विसरूनच टाकले. संघसृष्टीत या क्षेत्रात मोठी कामे उभी आहेत. स्वतः कुष्ठरोगाची झळ सोसलेल्या सदाशिवराव कात्रे यांनी १९६२ साली चांपा येथे कुष्ठरुग्णांसाठी आश्रम उभारला. २००८ साली नागपुरात ‘सक्षम’ या संघटनेची मुहूर्तमेढ रोवली गेली. पण मोठ्या सेवाप्रकल्पांचा अभिमान बाळगणाऱ्या शाखेचा, मंडळाचा, मंदिराचा स्वतःचा चहा तिसऱ्या मजल्यावर असेल, तर त्या अभिमानाला अर्थ काय? सेवा म्हणजे दूर कोठे तरी जाऊन करायचे काम, आणि शेजारचा माणूस मात्र आपल्या पंगतीत नाही, ही फसवणूक आता थांबली पाहिजे.

म्हणून वाचकांना माझे आवाहन तीन गोष्टींसाठी आहे. पहिली गोष्ट, येत्या प्रत्येक उत्सवाचा फराळ, प्रसाद आणि चहा तळमजल्यावर, सपाट जागी ठेवावा. जिथे खुर्ची पोहोचत नाही ती जागा आपल्या कार्यक्रमासाठी नाही, असा नियमच करावा. बुफे असेल तर प्रत्येक टेबलाशी एक वाढपी असावा आणि पाहुण्याला काय हवे ते त्या पाहुण्यालाच विचारावे, सोबतच्याला नव्हे. दुसरी गोष्ट, मुलांच्या मुंजी-लग्नांसाठी कार्यालय ठरवताना भाड्याच्या आधी उताराची आणि स्वच्छतागृहाच्या दाराची चौकशी करावी. चार घरांनी केवळ याच कारणासाठी इसारा न देता पाठ फिरवली, तर पाचव्या घराला उतार बांधलेला दिसेल. तिसरी गोष्ट, प्रत्येक वस्तीतील दोन कार्यकर्त्यांनी एक फूटपट्टी घेऊन आपल्या परिसरातील उपाहारगृहे, अमृततुल्ये आणि कार्यालये पाहावीत, मालकांशी सौजन्याने बोलावे, मोजमाप लिहून द्यावे. ज्यांनी सुधारणा केली त्यांचे जाहीर अभिनंदन करावे. जे ऐकत नाहीत त्यांच्याबाबत महापालिकेकडे आणि राज्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे लेखी तक्रार करावी. आणि हे पाहायला जाताना सोबत चाकाची खुर्ची वापरणारी एक व्यक्ती, एक अंध व्यक्ती असावी. तिच्यासाठी जायचे नाही, तिच्या नेतृत्वाखाली जायचे.

शिवरायांनी कात्रजचा घाट दाखवला तो परचक्राला. आपल्या माणसांसाठी त्यांनी वाटा मोकळ्या केल्या. आपण त्यांचे नाव घेतो, तर कोणाला घाट दाखवायचा आणि कोणाला वाट द्यायची एवढा विवेक तरी आपल्याजवळ असला पाहिजे.

यंदाची कोजागरी आम्ही खाली, वाहनतळाच्या मोकळ्या जागेत करणार आहोत. भोजनव्यवस्थेचे प्रमुख म्हणून अण्णांचे नाव पत्रकावर गेले आहे. त्यांनी पहिलीच सूचना पाठवली आहे, की खुर्च्या कोपऱ्यात नकोत, ओळीतच हव्यात.